राजा-गुलाम टाकून देताना

आप्पांचं बायपासचं ऑपरेशन इंदूरला झालं. बुऱ्हाणपुरात घरी आणताना दवाखान्यातून एक कागद मिळाला होता. काय खायचं, किती चालायचं, कोणती गोळी कधी घ्यायची, सगळं त्यात लिहिलेलं होतं. दिवसभर करायचं काय, एवढंच नव्हतं.

आप्पा म्हणजे माझे वडील. चाळीस वर्षं त्यांनी जिनिंग फॅक्टऱ्यांमध्ये सिलेक्टर म्हणून काम केलं. कापसाची गाडी आली की ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा, आतून मूठभर कापूस काढायचा, दोन्ही अंगठ्यांत धरून हळूच ओढायचा आणि तंतूची लांबी पाहून प्रत सांगायची, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतरही हंगाम सुरू झाला की कुणी ना कुणी बोलावून न्यायचं. ऑपरेशननंतर ते थांबलं आणि घरात आप्पांना बसवेना. खाटेवर टेकायचे, उठायचे, फाटकापर्यंत जायचे, नळ आला का बघायचे, परत यायचे. एकदा मी शाळेतून आले तर उशीचा कोपरा उसवून आतला कापूस ओढून बघत होते.

"हलका माल भरला यानं," ते म्हणाले.

मी उच्च माध्यमिक शाळेत गणित शिकवते. लग्न केलं नाही. आई गेल्यापासून घरात आप्पा आणि मी. धाकटा भाऊ पुण्याला कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे. त्याला घरून काम करायची मुभा होती म्हणून तो हिवाळाभरासाठी लॅपटॉप घेऊन आला होता. त्याच्या मीटिंगा चालायच्या आणि आप्पा त्याच्या पाठीमागून येरझाऱ्या घालायचे. पुण्यातली माणसं स्क्रीनवरून विचारायची, मागे कोण फिरतंय?

पत्ते काढायची कल्पना भावाचीच. रमी नको, हे आम्हा दोघांना न बोलता ठाऊक होतं. रमी आप्पा आईबरोबर खेळायचे. ती गेल्यापासून त्यांनी कॅटला हात लावला नव्हता. भाऊ म्हणाला, "आप्पा, नवीन शिकवतो. पोकर." आप्पा म्हणाले, "जुगार?" मी म्हटलं, पैसे लावायचे नाहीत. चिंचोके आहेत घरात, तेच एकेक वाटी घेऊ.

चौथ्या भिडू शेजारच्या भाभी. त्या रविवारी भांडी आवरून पदर खोचूनच यायच्या, आणि हरल्या तरी हसायच्या. रविवारी दुपारी दोन ते चार, पुढच्या खोलीत सतरंजीवर, असा आमचा डाव बसला.

खेळ तसा सोपा. प्रत्येकाला दोन पत्ते पालथे. मग मधे आधी तीन, मग एक, मग आणखी एक, असे पाच पत्ते सगळ्यांसाठी उघडे. आपले दोन आणि मधले पाच मिळून ज्याची पाच पत्त्यांची रचना सगळ्यांत चांगली, त्याचे चिंचोके. दर टप्प्याला बोली वाढवता येते, किंवा पत्ते टाकून त्या डावातून उठता येतं. भावानं आप्पांच्या तब्येतीचा विचार करून लिमिटचा खेळ ठेवला. म्हणजे बोली ठरलेली. पहिल्या दोन टप्प्यांना दोन-दोन चिंचोके, पुढच्या दोन टप्प्यांना चार-चार, आणि वाढवायचं तेही तेवढ्यानंच. एका डावात कुणी बुडत नाही, कुणी एकदम वरही जात नाही.

आप्पांना हे जमलं. पहिल्याच महिन्यात ते आमच्यापेक्षा चांगलं खेळायला लागले. मोठी पानं आली की धरून ठेवायचे. एक्का-दश्शी, राजा-राणी, राजा-गुलाम. मधे राजा उघडला की त्यांची राजाची जोडी व्हायची, आणि चार जणांत तेवढ्यावर बऱ्याचदा डाव मिळायचा. क्वचित कुणाची त्याहून मोठी जोडी निघालीच तर बारा-चौदा चिंचोके गेले, बस. पुढच्या दोन डावांत परत. राजा-गुलाम आला की आप्पा पत्ते छातीशी धरायचे आणि भाभी म्हणायच्या, "लो, आप्पाजी का चेहरा देखो, मैं तो गई."

ते नीट जेवायला लागले होते. रविवार आला की सकाळपासून चिंचोके धुऊन पुसून ठेवायचे. आणि मग भावाला कंटाळा आला.

"ताई, लिमिटमध्ये मजा नाही," तो मला स्वयंपाकघरात म्हणाला. "अख्खं जग नो-लिमिट खेळतं. आप्पा आता तयार आहेत."

मी नको म्हणायला हवं होतं. पण आप्पांनी बाहेरून ऐकलं होतं. "खेळू ना," ते म्हणाले. "मले काय भीती आहे?"

नो-लिमिटमध्ये फरक एवढाच, की कधीही, कितीही चिंचोके पुढे सारता येतात. हवी तर अख्खी वाटी. एवढ्याशा फरकानं काय काय उलटंपालटं होतं ते आम्हाला पहिल्याच रविवारी दिसलं. आप्पांकडे राजा-गुलाम आला. भावानं बोली वाढवली, आप्पांनी ती दिली. मधे राजा, अठ्ठी, तिर्री उघडली. आप्पांनी वीस चिंचोके पुढे केले. भावानं आपली सगळी वाटी मधे उपडी केली.

आप्पा बराच वेळ त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. मग त्यांनीही वाटी उपडी केली. भावाकडे एक्का-राजा होता. दोघांचीही राजाचीच जोडी, पण सोबतीचं पान त्याचं मोठं. पुढच्या दोन पत्त्यांनी काही बदललं नाही. दोन वाजून दहा मिनिटांनी आप्पा रिकाम्या वाटीपुढे बसले होते.

"पुन्हा वाटी भरून घ्या," भाऊ म्हणाला. "फक्त गेम आहे आप्पा."

त्यांनी भरून घेतली, आणि साडेतीनपर्यंत तीही गेली. एक्का-दश्शी धरून, मधे एक्का आल्यावर. समोर भाभींचा एक्का-राणी.

त्यानंतरचे रविवार तसेच. आप्पा तीच पानं धरायचे जी लिमिटमध्ये धरायचे, तशीच जोडी लावायचे, आणि जेव्हा कुणी सगळं पुढे सारायचं तेव्हा समोर नेमकं त्यांच्याहून एका पायरीनं वरचं निघायचं. सोमवारी ते भाजी चिवडत बसायचे. मंगळवारी मला विचारायचे, "पण राजाची जोडी तर होती ना?" बुधवारी सकाळी मी शाळेला निघताना फाटकात उभे राहून पुन्हा तेच. रक्तदाब मोजायचं यंत्र घरात होतं, त्यावरचे आकडे मला आवडेनात. मला वर्गातही ते आठवायचे. फळ्यावर गणित लिहिता लिहिता मी मधेच थांबायचे, आणि मुली एकमेकींकडे बघायच्या.

मग मी ते केलं. ठरवून केलं असं म्हणवत नाही, पण एकदा झाल्यावर पुन्हा केलं. आप्पांनी बोली लावली आणि माझ्याकडे त्यांच्याहून चांगलं असावं असं वाटलं, की मी पत्ते पालथे टाकून द्यायचे. दोन नव्व्या टाकल्या. एक्का-राजा टाकला. मधल्या पत्त्यांबरोबर पाच पानांची सलग ओळ जुळलेली होती, तीही एकदा टाकली. आप्पांची वाटी तीन रविवार टिकली. त्यांनी सोमवारी दोन भाकऱ्या खाल्ल्या. मी स्वतःला म्हटलं, औषधाची गोळी देतो तसंच हे.

चौथ्या रविवारी आप्पांकडे थोडेच चिंचोके उरले होते. त्यांनी पत्ते मिळताच ते सगळे पुढे सारले. भावानं विचार करून पत्ते टाकले. भाभींनी टाकले. माझ्याकडे दोन राण्या होत्या. अशा पानांवर डाव सोडायचा नसतो, हे आठवीतल्या मुलालाही कळेल. मी टाकल्या. आप्पांनी हसून चिंचोके ओढून घेतले.

पुढचा डाव वाटायची पाळी भाभींची. त्या पत्ते गोळा करत होत्या. माझे दोन पत्ते त्यांच्या हातून निसटून सतरंजीवर सुलटे पडले.

"अरे, दो रानियाँ? ये किसने फेंकी?"

भाऊ माझ्याकडे बघायला लागला. आप्पांनी आधी त्या पत्त्यांकडे पाहिलं, मग मी जिथं बसले होते तिथं.

"तुझे?"

"हो."

"किती दिवसांपासून?"

मला खोटं बोलता आलं असतं. "तीन रविवार. हा चौथा," मी म्हणाले.

ते उठले. गुडघ्यावर हात ठेवून, भिंत धरून, सावकाश. चप्पल घालून बाहेर गेले. भाभी हळू आवाजात म्हणाल्या, "मेरी गलती हो गई." मी म्हटलं, तुमची नाही.

त्यानंतर दोन आठवडे डाव झाला नाही. आप्पा माझ्याशी कामापुरतं बोलायचे. गोळी, दूध, लाईट बिल. एक किलोमीटर चालायची परवानगी होती, ते शनवाऱ्याच्या चौकापर्यंत जाऊन यायचे आणि किती चाललो ते सांगायचे नाहीत. मी घरात असले की ते बाहेर, ते आत आले की मी गच्चीवर. कपडे वाळले नसले तरी मी ते काढायला जायचे. भाऊ मधल्या खोलीतून म्हणायचा, "तुम्ही दोघं जरा एका जागी बसाल का? माझं डोकं फिरायची वेळ आलीये."

मग एका सकाळी आप्पाच म्हणाले, इच्छापूरला जाऊ. देवीचं दर्शन राहिलंय ऑपरेशननंतरचं. डॉक्टरांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, थांबत थांबत चढू द्या. भावानं मित्राची गाडी आणली. वाट केळीच्या बागांमधून जात होती. देवीच्या टेकडीच्या पायथ्याशी पोचलो आणि भावाला ऑफिसचा फोन आला. तो कानाला फोन लावून गाडीपाशीच राहिला, आणि आम्ही दोघं चढायला लागलो.

दहा पायऱ्या, थांबा. दहा पायऱ्या, थांबा. अर्ध्या वाटेवर आप्पा कठड्याला टेकून बसले. घाम पुसायला मी रुमाल पुढे केला, त्यांनी स्वतःचा काढला.

"तू गणित शिकवतेस," ते म्हणाले. "नापास होणाऱ्या पोराचा पेपर तूच सोडवतेस का?"

"नाही."

"मग मले का असं वागवलं?"

"तुम्ही हरलात की जेवायचे नाहीत, आप्पा. बीपी वाढायचं. मला घाबरायला व्हायचं."

"एक दिवस नाही जेवलो तर मरत नाही माणूस." त्यांनी रुमालाची घडी घातली. "पण मी जिंकलो असं समजून तीन सोमवार खुशीत होतो ना. ते आठवलं की लाज वाटते. फाटकात उभा राहून शेजाऱ्याला सांगत होतो मी."

मला याचा विचारच सुचला नव्हता. त्यांनी बाहेर कुणाला सांगितलं असेल, हे. मी म्हणाले, "चुकलं माझं." खालून एक नवं लग्न झालेलं जोडपं नातेवाइकांसह वर येत होतं, त्यांना वाट द्यायला आम्ही कठड्याला चिकटून उभे राहिलो. ती मंडळी वर गेली. आप्पा पुन्हा बसले.

"आता खरं सांग. राजा-गुलामात वाईट काय आहे?"

मी सांगायला लागले. आधी अडखळत, मग वर्गात बोलते तसं. म्हटलं, लिमिटमध्ये तुम्ही हरता तेव्हा थोडं हरता. म्हणून बहुतेक वेळा जोडी लावून देणारं मोठं पान तिथं चांगलं. राजा-गुलामाला जोडी लागली तर दहातल्या सहा-सात वेळा तो थोडं थोडं मिळवतो आणि उरलेल्या वेळी थोडं घालवतो. नो-लिमिटमध्ये लहान डाव तो अजूनही जिंकतो. पण ज्या डावात सगळं मधे जातं, तो डाव वेगळा. समोरचा अख्खी वाटी उपडी करतो तेव्हा त्याच्याकडे बहुतेक एक्का-राजा असतो, नाहीतर त्याहूनही जड काही. तुमची राजाची जोडी तिथं दुसऱ्या नंबरची ठरते. ती सोडवतही नाही आणि पुरतही नाही.

"मग छोटी पानं?"

"दोन सत्त्या, दोन पंज्या. लिमिटमध्ये त्यांचं फार काही होत नाही. तिसरी सत्ती मधल्या पहिल्या तीन पत्त्यांत यायची शक्यता आठात एक, आणि आली तरी ठरलेल्या बोलीनं मिळून मिळणार किती? नो-लिमिटमध्ये आली तर समोरच्याची अख्खी वाटी. नाही आली तर दोन-चार चिंचोके टाकून उठायचं. स्वस्तात बघायला मिळत असेल तरच बघायचं, आणि समोरच्याच्या वाटीतही घेण्यासारखं काही हवं. शिवाय तुमच्यानंतर बोलणारे किती जण उरलेत तेही पाहायचं. आपण शेवटी बोलणार असू तर पान जरा हलकं चालतं."

आप्पा ऐकत होते. त्यांचे अंगठे मांडीवर एकमेकांपासून दूर सरकत होते, मधे काही नसताना.

"कापसात असंच होतं," ते म्हणाले. "वाईट कापूस लांबून दिसतो. चांगला हातात येताच कळतो. मले आयुष्यात फसवलं ते जवळजवळ चांगल्यानं." आणि थोड्या वेळानं, "पण सोडायला जीव होत नाही."

"माझाही होत नाही. मी तुमच्यासाठी सोडत होते म्हणून जमलं."

यावर ते हसले नाहीत, पण उठताना त्यांनी माझा हात धरला.

खाली आलो तर भाऊ गाडीला टेकून उभा होता. कंपनीनं सगळ्यांना परत बोलावलं होतं. महिनाअखेर पुण्याला हजर व्हायचं. त्यानं हे सांगितलं आणि लगेच विचारलं, "तुमचं काय झालं?" आप्पा म्हणाले, "रविवारी बसू. वाट्या भरून ठेव."

त्या रविवारी आप्पांनी पहिला तासभर जवळजवळ सगळेच पत्ते टाकले. त्यांना ते किती जड जात होतं ते दिसत होतं. पत्ते उचलायचे, बघायचे, परत बघायचे, टाकायचे. पाय लांब करायचे, मिटायचे. मधेच उठून पाणी प्यायला जायचे. एकदा पत्ते टाकताना पुटपुटले, "राजा-गुलाम होता," आणि मधे लगेच राजा उघडला. त्यांनी माझ्याकडे रागानं पाहिलं. पण त्या डावात भावाच्या एक्का-राजानं भाभींची वाटी रिकामी केली, तेव्हा आप्पा पुढे वाकून ती पानं बघत राहिले.

मग तो डाव आला. माझ्याकडे इस्पिकची अठ्ठी-नव्वी होती, बोलायची पाळी माझी शेवटची. स्वस्तात बघायला मिळालं म्हणून मी राहिले. मधे दश्शी, गुलाम आणि दुर्री उघडली. आप्पांनी बोली लावली. मी दिली. चौथा पत्ता सत्ती. सत्तीपासून गुलामापर्यंत सलग पाच, माझी ओळ जुळली होती.

आप्पांनी पुन्हा लावली. मला माहीत होतं की त्यांच्याकडे चांगलं काहीतरी आहे. एवढा वेळ टाकत बसलेला माणूस उगाच लावत नाही. पत्ते टाकून द्यावेत असं क्षणभर इतकं वाटलं, की मी ते दोन बोटांत उचललेसुद्धा. आप्पा माझ्या बोटांकडे बघत होते.

मी पत्ते खाली ठेवले आणि सगळी वाटी पुढे सारली.

त्यांनी फार विचार केला नाही. त्यांनीही सगळं सारलं. त्यांच्याकडे दोन गुलाम होते, मधला धरून तीन; सलग ओळीपुढे मात्र तीन सारखी पानं कमी पडतात. शेवटचा पत्ता पंजी निघाला. मी माझी अठ्ठी-नव्वी सुलटी केली. त्यांनी एकेक पान बोटानं मोजलं. सत्ती, अठ्ठी, नव्वी, दश्शी, गुलाम. पुन्हा एकदा मोजलं.

"मी बरोबर खेळलो का?" त्यांनी विचारलं.

"बरोबर खेळलात. असं होतं कधीकधी."

"हां," ते म्हणाले. रिकामी वाटी त्यांनी माझ्याकडे सरकवली. "आता तू खेळलीस."

रात्री ते जेवले. थोडंच, पण जेवले. मी मात्र माझी अर्धी भाकरी झाकून ठेवली.

भाऊ महिनाअखेर गेला. तिघांत डाव काही दिवस चालला. तिघंच उरल्यावर कुठली पानं धरायची ते पुन्हा बदललं. आप्पांनी त्यावरूनही दोन रविवार माझं डोकं खाल्लं. मग एक दिवस त्यांचे जिनिंगमधले दोन जुने साथीदार भेटायला आले. आप्पांनी त्यांना चहा होईपर्यंत दोन पत्ते वाटून दाखवले. पुढच्या रविवारी त्यांच्यापैकी एकाच्या घरी डाव बसला. त्याच्या पुढच्या रविवारीही. ते त्यांना आधी लिमिट शिकवतात, घाई करू देत नाहीत. दीड वाजता शर्ट बदलतात, चिंचोक्यांची पिशवी घेतात आणि जातात. साडेपाचला येतात. हरले तर तसं सांगतात आणि कुठलं पान सोडायला हवं होतं तेही सांगतात. कधी माझं काय चाललंय ते बघून आल्यासारखं विचारतात, "तू काय केलंस?"

मी काहीच केलेलं नसायचं. तपासायच्या वह्या काढायच्या, दोन तपासायच्या, उठायचं. ओटा पुसायचा. भाभींकडे डोकवायचं, तर त्या झोपलेल्या. इतकी वर्षं रविवारची दुपार आप्पांची, हे गृहीत होतं. त्यामुळे कुणी बोलावलं तर माझं उत्तर तयार असायचं. आता घर रिकामं होतं आणि मला एका खोलीत दहा मिनिटं बसवत नव्हतं. फाटकापर्यंत जाऊन परत आले तेव्हा मलाच कळलं, मी आप्पांसारखी चालतेय.

गेल्या रविवारी शाळेतल्या मैत्रिणीचा फोन आला. तिचं माहेर धूलकोटचं. भाऊ-भावजय शेतावर आहेत, हुरडा आहे, येतेस का, म्हणाली. तिनं हे मागच्या पाचेक वर्षांत बऱ्याच वेळा विचारलं असेल, आणि तिच्या आवाजावरून ती नकार ऐकायच्या तयारीनंच विचारत होती. मी म्हटलं, बस किती वाजता आहे?

तिनं मला ते पुन्हा म्हणायला लावलं. मग म्हणाली, अडीचची आहे, धावशील तर मिळेल. आप्पांसाठी एक चिठ्ठी लिहून मी चहाच्या डब्याखाली ठेवली आणि कुलूप लावून, किल्ली भाभींकडे देऊन स्टँडकडे निघाले.